रामवाडीतल्या फ्लेक्सवरची माझी मुलगी

पेणला रामवाडीत, हायवेवरून आत वळताना, माझ्या मुलीचा फोटो टांगलेला आहे. तिच्या मावसबहिणीच्या लग्नातला. तिच्या मानेजवळ बहिणीचा अर्धा खांदा तसाच राहिलाय. खाली क्लासचं नाव आणि ‘आमची गुणवंत विद्यार्थिनी’. त्या ‘आमची’ची मला शिसारी येते. आणि फोटो पाठवणारा मीच.

कॉम्प्युटर नेटवर्किंगची पहिली परीक्षा मुलगी घरीच अभ्यास करून देणार होती. आम्ही रोह्याला राहतो. मोबाईलवरचे व्हिडिओ आणि भंगारवाल्याकडून आणलेले दोन राऊटर, एवढ्यावर तिचं चाललं होतं. मला ते खरं वाटेना. “फुकटात शिकलेल्याला कोण विचारतं?” असं म्हणून मी पेणच्या क्लासची फी भरून आलो. ती थोडे दिवस गेली आणि थांबली.

“बाबा, तिथं वायरला हात लावू देत नाहीत. प्रश्नांची झेरॉक्स देतात आणि उत्तरं पाठ करून घेतात.”

मी तिलाच आळशी ठरवलं.

घरच्या अभ्यासावर ती पास झाली. क्लासच्या मालकाचा लगेच फोन आला, फोटो पाठवा. मला इतकं भरून आलं की तिला न विचारताच पाठवला. फ्लेक्स पाहून आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, “मग मी घरात बसून काय करत होते?” तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते.

फ्लेक्स उतरवा, म्हणून सांगायला मी गेलो. मालक बडीशेप चघळत म्हणाला, “काका, फी भरलीत ना? मग आमचीच की ती.” आतल्या खोलीत मुलं पाढे म्हणावेत तशी उत्तरं म्हणत होती. कॉम्प्युटरवर प्लास्टिकची कव्हरं.

आमच्या आळीत निडी गावाहून भाजी घेऊन येणारी एक बाई आहे. तिची मुलगी पेणच्या कॉलेजात. परवा वालाच्या शेंगा तोलताना बाई म्हणाली, “दादा, तुमच्या पोरीचा फोटो बघून आली आमची. उद्या फी भरायला जायचं हाय.”

मी सगळं सांगितलं. माझी मुलगी तिथं शिकलेलीच नाही, फोटो मी दिला, तुमची पोर इथं येऊ दे, माझी शिकवेल.

ती हसली. “तुमची पास झाली, आता आमची नको व्हय?”

“तसं नाय गो. खरंच सांगतोय.”

“आनि फुकट शिकवेल? फुकटाचं कोन इचारतं, दादा?”

माझंच वाक्य. वर मूठभर शेंगा जास्त टाकून ती गेली, आणि दुसऱ्या दिवशी फी भरून आली.

मी मुलीला हे सांगितलं तेव्हा ती त्याच शेंगा सोलत होती.

“ऐकलं नाही तिनं,” मी म्हणालो.

“माझंही कुठं कुणी ऐकलं होतं,” ती म्हणाली, आणि पुढची शेंग हातात घेतली.