पिराजीअण्णांचा बोका

चिंताकीच्या पिराजीअण्णांचं नाव एके काळी औराद तालुक्यात बैलांमुळं निघायचं. देवणी जातीचा गोऱ्हा बघितला, की मोठेपणी तो केवढा भरेल हे अण्णा हातानं दाखवायचे, आणि तो तेवढाच भरायचा. बैल घ्यायचा तर आधी अण्णांना विचारायचं, असा रिवाजच पडला होता. मग घरोघर ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टर काही वाढत नाही, त्याचं अण्णा काय डोंबल सांगणार? त्यांच्या ओसरीवर चिटपाखरू फिरकेना. अंगात कसब असून कुणी विचारत नाही, हे दुःख लई वाईट, राव. अण्णांना जेवण जाईना.

अशात त्यांची सून पंचशीला माहेराहून मांजराचं पिल्लू घेऊन आली आणि सहज म्हणाली, "मामा, हे केवढं व्हईल वो?"

झालं! अण्णा ताडकन उठले. पिल्लाच्या पायाची नळी चाचपली, मानेचं कातडं ओढलं, शेपटी वितीनं मोजली, ओसरीत चालवून चाल बघितली. मांजर वासरासारखं तपासायचं नसतं, हे त्यांना सांगायची कुणाची छाती?

"पाय बघ कसले दांडगे! बोका व्हतोय. दारात बसला तर पाव्हण्याला आत येता यायचं न्हाई."

"आवो, ते मांजर हाय, गोऱ्हा न्हाई," अण्णांच्या बायकोनं, विमलबाईनं, चुलीपासून टोला हाणला.

"तुला काय कळतंय? घोडामैदान जवळच हाय!"

एवढ्यावर गप्प बसतील तर ते अण्णा कसले? सिद्धप्पाच्या हॉटेलात जाऊन त्यांनी गावाला आवतण दिलं, ज्वारी निघाली की बोका बघायला या.

मग सुरू झाली खातिरदारी. दूध झालं, अंडी झाली, सुकट झाली. शेवटी अण्णांनी सरकीची पेंड भिजवून पुढं ठेवली. पिल्लानं हुंगून तोंड फिरवलं.

"कामून छळायलाव त्या मुक्या जिवाला?" विमलबाई कावली.

मांजर चापून खायचं, पण वाढायचं नाव नाही. ज्वारी निघाली, गाव जमलं. सिद्धप्पानं मांजर तळहातावर उचललं, उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "अण्णा, पाव्हणे खुशाल आत येतेत की! आन् बोका कुठला, ही तर मांजरी हाय!"

गाव पोट धरधरून हसलं. अण्णांचं तोंड एवढंसं झालं. "चुकलं माझं," ते म्हणाले आणि आत निघून गेले. पंचशीलेला रडूच आलं. कुठून विचारायची बुद्धी झाली, असं तिला झालं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सिद्धप्पा कुत्र्याचं पिल्लू काखेत मारून दारात हजर. मागं आणखी दोघं, त्यांच्याही पिशव्यांतून कुईंकुईं चाललेलं.

"अण्णा, हे केवढं व्हईल?"

"थट्टा करायलास व्हय रे?"

"न्हाई वो. हॉटेलात मला बारकंच कुत्रं पायजे. तुम्ही मोठं व्हतंय म्हणलाव, की ते बारकं ऱ्हातंय. एकदम पक्कं!"

अण्णांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चालते व्हा, असं अगदी ओठावर आलं. पण ओसरीवर माणसं उभी होती, कैक वर्षांनी, आणि अण्णा काय म्हणतात म्हणून त्यांच्याच तोंडाकडं बघत होती. अण्णांनी कुत्र्याचा पाय हातात घेतला आणि आत हाक दिली.

"आगं ए, च्या टाक! माणसं आल्यात."