रोवण्यावर बोलावलेला साहेब

ज्या साहेबासमोर मी रडून सांगितलं होतं की माझ्याकडे वीतभरही शेत नाही, त्याच साहेबाला मी माझ्या शेतावर जेवायला बोलावलं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी आमच्या जिल्ह्यातल्या एका मोठ्या कारखान्यात भट्टीवर होतो. कारखाना एवढा मोठा की चिमण्या चार गावांवरून दिसायच्या. नोकरी तेवढी बारीक. वीज कमी पडली की भट्टी बंद आणि आम्ही घरी. माल पडून राहिला की भट्टी बंद आणि आम्ही घरी. याला आम्ही 'बसवणं' म्हणायचो. कोणाला बसवायचं आणि भट्टी पेटल्यावर आधी कोणाला बोलवायचं, हे आमच्या पाळीच्या साहेबाच्या हातात. भट्टीजवळ दिवसभर राहूनही पांढरी राहणारी पँट मी आयुष्यात एकच पाहिली, ती त्याची.

पहिल्यांदा बसवलं तेव्हा तो गेटवर सगळ्यांसमोर म्हणाला, "जाय बे, सासुरवाडी करून ये." लोक हसले. मीही हसलो. त्या माझ्या हसण्याचा राग मला कितीतरी महिने पुरला.

दुसऱ्यांदा बसवलं तेव्हा मी थेट त्याच्या क्वार्टरवर गेलो आणि व्हरांड्यात रडलो. "साहेब, वीतभर जमीन नाही जी. पोरं काय खातीन?" माझ्या गावी, एकोडीला, माझ्या वाट्याच्या धानाच्या बांध्या होत्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे; वर्षाचा भात त्यातून निघायचा. पण पोरांची शाळा, आईचं औषध, कपडालत्ता, सगळं पगारावर. म्हणून रडणं खरं होतं, जमीन तेवढी खोटी. रडणं कामी आलं. भट्टी पेटल्यावर पहिल्या खेपेतच मला बोलावणं आलं.

तिसऱ्यांदा उन्हाळ्यात बसवलं. पुन्हा गेट, पुन्हा लोक, आणि पुन्हा तेच, "जाय बे, सासुरवाडी करून ये."

त्या उन्हाळ्यात मी घरी लाकडं फोडली. प्रत्येक ओंडका म्हणजे साहेब. शेजाऱ्यांचीही फोडून दिली. त्याने भागेना म्हणून एकदा कारखान्याबाहेर त्याच्या स्कूटरची हवा सोडली. ती स्कूटर कॅशियरची निघाली. मी जवळच घुटमळत होतो म्हणून कॅशियरने मलाच ती पंक्चरवाल्यापर्यंत ढकलायला लावली. वर चहा पाजला.

मग पावसाळ्यात धानाची रोपं लावायचा रोवणा आला आणि मला सुचलं. आमच्याकडे रोवण्याच्या शेवटच्या दिवशी रोपांची शेवटची पेंडी लावून झाली की बाया एकमेकींवर चिखल उडवतात. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जो उभा असेल, मालक असो की पाहुणा, त्यालाही बांधीत ओढतात. त्या दिवशी कोणी रागवायचं नसतं. रागावला तर त्याचंच हसू होतं. म्हणजे साहेबाला चिखलात लोळवायचं आणि वर त्यालाच हसायला लावायचं! गेटवर मी हसलो होतो तसं.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "ज्याच्या हातात आपली रोजी, त्याले चिखलात पाडता? डोस्कं हाय का जाग्यावर?"

"रिवाजच हाय ना. तो काय करन?"

मी कारखान्याच्या गेटवर जाऊन हात जोडले. "साहेब, गरिबाच्या गावाले या जी. गावरान कोंबडा कापतो." कोंबड्याचं नाव ऐकून साहेबाने तारीख पक्की केली.

तो आला साकोलीवरून स्कूटरने, पांढऱ्या पँटीत. मी त्याला धुऱ्यावर नेमकं उभं केलं आणि आमच्या काकूला डोळा घातला. बायांची म्होरकी तीच. "जावई आले वं!" काकू ओरडली. "या जावईबापू, उतरा खाली!" साहेब म्हणाला, "अरे, अरे," आणि तेवढ्यात दोघींनी हात धरले, तिसरीने पाय. मग साहेब दिसेना, चिखलच दिसे. केसांत, कानांत, मिशीत. काकूने एक मूठ त्याच्या सदऱ्याच्या आत सोडली. मी धुऱ्यावर उभा राहून मनात म्हणत होतो, घे, ही पहिल्या खेपेची. ही दुसरीची. ही तिसरीची. आणि साहेब खरंच हसत होता, दात तेवढे पांढरे. एवढं सुख मला पगाराच्या दिवशीही झालं नव्हतं.

विहिरीवर त्याला आंघोळ घातली, माझं धोतर नेसवलं आणि जेवायला बसवलं. तो कोंबड्यावर तुटून पडला. मीही. दुसऱ्यांदा भात घेताना त्याने बायकोला सहज विचारलं, "वहिनी, तांदूळ लय चांगला हाय. कोनाच्या शेतातला?"

मी क्वार्टरवर काय रडलो होतो, हे मी बायकोला कधीच सांगितलं नव्हतं.

"घरचाच जी," ती खुशीत म्हणाली. "तुमाले जेथी पाडलं ना, त्या बांध्या आमच्याच. थेट त्या बोडीपर्यंत."

साहेबाने माझ्याकडे पाहिलं, लांबवरच्या त्या बोडीच्या तळ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "वहिनी, आनखी थोडा रस्सा वाढा."

भट्टी पेटली. माझ्या पाळीतले एकेक जण बोलावले गेले. माझ्यामागून लागलेलेही गेले. माझं बोलावणं काही येईना. शेवटी मीच गेटवर गेलो. साहेब स्वच्छ पांढऱ्या पँटीत उभा.

"चिखलाचा राग नाही बे," तो म्हणाला. "मजा आली मले. पन ज्याच्यापाशी बांधी नाही त्याले आधी घेतो मी. तूच शिकवलं ना मले?"

तो सूड होता की न्याय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. सूड असता तर बरं झालं असतं, मला पुढची तयारी करता आली असती. मी आपला एसटीने साकोली, तिथून पायी घरी आलो. बायको तांदूळ पाखडत होती. तिला सगळं सांगितलं, क्वार्टरवरच्या रडण्यासकट. तिने सूप खाली आपटलं.

"बदलाच घ्याचा होता, त दुसऱ्याच्या वावरात नेवाचं होतं ना त्याले!" ती म्हणाली. "येवढीबी अक्कल नाही, अन् मंग इचारता, मलेच काहून बसवते म्हून."