आंबोण माझ्या हातचं

शब्दकोशात आंबोणाचा अर्थ एका ओळीत उरकला आहे: दुभत्या जनावराला धारेच्या वेळी द्यायचा भिजवलेला खुराक. अर्थ बरोबर आहे. पण ज्यांनी कोपरापर्यंत हात घालून ते कालवलं, त्यांना तो वाचून हसू येईल.

आमच्या घरी ते काम माझं. एकलहऱ्याजवळच्या गावात आमची एकच म्हैस होती आणि वडील वीजकेंद्रात पाळीवर. सरकीची ढेप दुपारी भिजत घालायची, फुगली की कोंडा आणि मूठभर मीठ घालून कालवायची, वर वीजकेंद्राची राख बसू नये म्हणून गोणपाट झाकायचं. पहाटेसाठी पुन्हा तेच. ढेपेचा आंबूस वास हातांना चिकटायचा तो जायचाच नाही. शाळेत बाकावरच्या मुली सरकून बसत. मला त्यांचा राग येई, आणि म्हशीचा त्याहून जास्त.

माझ्या बारावीच्या वर्षी तिचं रेडकू मेलं. रेडकू नसलं की म्हैस पान्हा चोरते. मग तिला आंबोणावर लावतात, म्हणजे घमेलं पुढे आलं की तिनं दूध सोडायचं. आमची लागली, पण घमेलं माझ्याच हातचं हवं. हिरवी ओढणी डोक्याला गुंडाळून मी "ये गं बाय, ये" म्हटलं, की आई धारेला बसे. दुसऱ्या कुणी ठेवलं तर सगळं खाऊन मोकळी, दुधाचा थेंब नाही.

त्याच उन्हाळ्यात माझा चांदवडला डी.एड.ला नंबर लागला.

"म्हैस आटंपर्यंत थांब. पुढच्या साली जा," वडील म्हणाले. निम्मं घर रतिबाच्या दुधावर चालायचं, त्यांचंही चूक नव्हतं. मी रडले नाही. रडायलाही अंगात जोर लागतो.

दुसऱ्या पहाटे आईनं माझी ओढणी मागून घेतली. "तू भिंतीआड थांब. आवाज करू नको." ओढणी गुंडाळून, माझ्यासारखा बारीक आवाज काढून ती म्हशीला बोलवू लागली. म्हशीनं आंबोण खाल्लं आणि लाथेनं बादली उडवली. असे आठ दिवस गेले. आईची पोटरी काळीनिळी झाली. नवव्या दिवशी बादलीत धार वाजली.

"जा आता," आई म्हणाली. "हिचं मी बघते."

दिवाळीला घरी आले. "तू गोठ्यात नको येऊ, पान्हा चोरंल ती," आईनं आल्या आल्याच बजावलं. पहाटे अंगणातून माझाच आवाज कानावर आला: "ये गं बाय, ये." मधेच आईला खोकला आला, मग पुन्हा तोच बारीक आवाज. मी उठायला हवं होतं. निदान घमेलं उचलून दारापर्यंत तरी न्यायला. पण आईनं बजावलंय हे निमित्त मला पुरलं. मी हात नाकाशी नेले. त्यांना साबणाचा वास येत होता. मला फार बरं वाटलं, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही. आई माझ्या आवाजात बोलत राहिली आणि मी गोधडी ओढून झोपले.