कोरा टब

"एक लिहा, केवळाबाई."

"कोऱ्या टबात तीन मासे मेलेत सर. एक कसं लिहू?"

"एकापर्यंत चालतं. त्याच्यावर गेलं की सगळी परीक्षा रद्द. चार दिवसांची मेहनत पाण्यात!"

"पाण्यातच हाय की ती."

"चेष्टा नको. परवा सोमवारी कलेक्टर कचेरीत सुनावणी आहे."

केवळाबाईनं काचेची कांडी पदराला पुसली आणि रजिस्टर पुढ्यात ओढलं. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, तरी कॉलेजच्या या प्रयोगशाळेतल्या रजिस्टरांवर 'जि. उस्मानाबाद' असंच छापलेलं होतं. ते खोडून वर 'लातूर' लिहायचं काम तिचंच. शिक्षण सातवी, नोकरी शिपायाची, पण अक्षर असं वळणदार की बिराजदार सर सगळ्या नोंदी तिच्याच हातून करून घेत.

गावाबाहेरच्या एका कारखान्यात बॉयलर धुवायला पिवळं रसायन वापरत आणि धुतल्यावर ते नाल्यात सोडत. त्या नाल्याकाठीच केवळाबाईच्या भावाचं, व्यंकटीचं शेत होतं. रसायन माशांना किती मारक, याचा अहवाल सरांनी सोमवारच्या सुनावणीत द्यायचा होता. त्यासाठी पाच टब मांडलेले, प्रत्येकात दहा बोटभर मासे. चार टबांत रसायन चढत्या मापानं, पाचव्यात नुसतं पाणी. त्याला ती कोरा टब म्हणायची. कोऱ्यातले जगले, तरच बाकीच्यांचं मरण रसायनाच्या नावावर लागायचं.

चार दिवस सकाळ-संध्याकाळ ती एकेका माशाला कांडीनं शेपटीशी डिवचायची. परवा सरांनीच एकाला मेलेला ठरवलं, तर ही म्हणाली, "दमलाय तो. थांबा जरा." आणि खरंच त्याचे कल्ले हलले.

"मेले तरी कशानं?" सरांनी विचारलं.

"तुरटीनं."

"कसली तुरटी?"

"मी फिरवली."

सर स्टुलावर बसले.

"टँकरचं पाणी लई गढूळ होतं," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणलात, स्वच्छ पाणी घ्या. आमच्यात घागरीत तुरटी फिरवली की पाणी स्वच्छ. पिंप मोठं, म्हणून जरा जास्तच फिरवली."

"अहो, स्वच्छ म्हणजे काही न घातलेलं!"

"मग कोरं म्हणायचं की. ते कळलं असतं मला."

सरांनी टबांवरून नजर फिरवली. त्यांनी विचारलं, "पाचही टबांत तेच पाणी?"

"एकाच पिंपातलं."

"असू दे. सगळ्यात जास्त रसायनाच्या टबात दहाच्या दहा मेलेत. ते रसायन विषच आहे. तुम्हाला शंका आहे का?"

"न्हाई."

"मग अडलं कुठं?"

"तुरटीनं किती मेले अन् त्या पिवळ्यानं किती, कसं सांगावं? एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी मारायलोत आपण. कारखान्याचा वकील इचारंलच की, पाण्यात काय घातलं होतं म्हणून."

"तुम्हाला कोण विचारायला येतंय?"

"अक्षर माझं हाय."

तिनं लिहायला घेतलं. 'कोरा टब: मेले तीन. पाण्यात तुरटी फिरवली होती.' खाली पूर्ण नाव घातलं, केवळाबाई कांबळे, आणि शाई वाळेपर्यंत रजिस्टर उघडंच ठेवलं.

"झालं!" सर म्हणाले. "आता पुन्हा करायचं तर मासे कुठून आणणार? तळ्याला भेगा पडल्यात."

"देवणीला पाशामियाँच्या विहिरीत हायेत म्हणं अजून."

"अन् चार दिवस? ते कुठून आणणार? सोमवारी आपल्या हातात काही नसलं, की नाला आहे तसाच चालू राहणार."

केवळाबाईनं मेलेले मासे रद्दीत गुंडाळले. पिंपातलं पाणी मात्र सांडलं नाही. फरशी पुसायला होईल म्हणून त्यावर झाकण ठेवलं.

"व्यंकटीची गाय त्याच नाल्यावर पाणी पिते ना?" सरांनी विचारलं. "त्याला काय सांगणार आहात?"

तिनं खुंटीवरची जाळी काढली, पत्र्याचा रिकामा डबा उचलला, उंबऱ्याशी चपला पायात सरकवल्या आणि देवणीची गाडी गाठायला निघाली.