कोंडाबाईनं पालथं केलेलं पिंप

तीस वर्षं भंगार वेचलेल्या कोंडाबाईचा हात कचऱ्यात कधी चुकत नसे. म्हणूनच जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या शिवेवरच्या दोन गावांनी मिळून प्लॅस्टिक दाबायचं मशीन घेतलं, तेव्हा त्या मशीनच्या शेडची मुकादमकी तिच्याकडं आली.

उद्घाटनाला नारळ आधी कोणाचा, यावर दोन्ही सरपंच तासभर अडून बसले. शेवटी दोघांनी एकदमच फोडले. करवंट्या, पेढ्यांचे खोके, पाण्याच्या बाटल्या, सगळं एकाच पिंपात गेलं! कोंडाबाईचं डोकं फिरलं. तिनं पिंप थेट सतरंजीवर पालथं केलं.

"दोघांनी आदी हे निवडा. त्याबिगर मशीन चालू व्हायचं न्हाई."

सरपंच मांडी घालून निवडायला बसले. कुठली बाटली कुठल्या गावची, हे तेवढं दोघांनाही ओळखता आलं नाही.