खिंडीतली वाट आणि माझी फटफटी

आमच्या गावच्या खिंडीतून फटफटी न्यायला बंदी आहे आणि तिचं संपूर्ण श्रेय माझं आहे.

लढाई संपली, मी पलटणीतून घरी आलो आणि लष्करी लिलावातली एक फटफटी घेतली. खिंडीतून गेलं की सातारा जवळ, वळसा घातला की लांब. खिंडीतली वाट जेमतेम एका बैलाच्या रुंदीची, पण मी आठवडाभर तिथूनच फटफटी पिटाळली. मेंढरं रानोमाळ झाली, मोळीवाल्या बाया जाळीत शिरल्या आणि माझ्या चुलत्यांना, आबांना, त्यांच्या घोडीनं तीनदा घाणेरीच्या झुडपात टाकलं!

पारावर बैठक बसली.

"ही वाट पायांची हाय," आबा गरजले. "मानसाच्या न्हाईतर जनावराच्या. चाकाची न्हाई!"

"आवं आबा, वाट सरकारी हाय. सगळ्यांची!"

"मग सरकारला घोडीवर बशीव, आन् तू वाजीव तुजी फटफटी!"

शेवटी ठरलं, की मी कुठंही न थांबता खिंड चढून दाखवायची. जमलं तर वाट मोकळी, नाहीतर फटफटीनं कायमचा वळसा घालायचा. मी बायकोला, पारूला, मागं बसवलं. (मागं वजन असलं की चाक घसरत नाही. हे लष्करी ज्ञान मी तिला बोलून दाखवायला नको होतं!)

सगळं गाव बघायला डोंगरावर. निम्मी खिंड मी झोकात चढलो. शेवटच्या वळणावर वाटेच्या मधोमध गंगूआजी धनगरीण, भोवती तिची मेंढरं.

"आजी, सरका!"

"मेंढरं सरकली की सरकते."

मी भोंगा दाबला. मेंढरं हलली नाहीत, पण त्यांतल्या एडक्याला तो आवाज भांडणाचा वाटला! चार पावलं मागं जाऊन त्यानं पुढच्या चाकाला अशी टक्कर दिली, की मी करवंदीच्या जाळीत आणि फटफटी खालच्या खडकावर.

"पारूऽऽ!" मी जाळीतून ओरडलो.

"हाय की!" आवाज लांबून आला. बाई मागच्या वळणावर फटफटी मंदावली तेव्हाच उतरली होती आणि मला पत्ताच नव्हता!

आबांनी जाळीत डोकावून विचारलं, "जित्ता हायस न्हवं?"

"हाय."

"मग वाट बंद!"

फटफटी काही चालू होईना. दोन वाशांना बांधून चौघांनी ती खांद्यावर घेतली. आबांनी पारूला सन्मानानं घोडीवर बसवलं. तुटलेला दिवा दोन्ही हातांत धरून मी सगळ्यांत पुढं, मान खाली घालून.

पायथ्याला एक परगावचा पाहुणा भेटला. त्यानं पागोटं काढलं आणि विचारलं, "कोन गेलं वो?"

पारू घोडीवरून म्हणाली, "माजी सवत!"

सगळे खिंकाळले. अगदी घोडीसुद्धा! त्या अख्ख्या यात्रेत रडत होतो तो एकटा मीच.