टर्बोच्या मापाचा भोपळा

माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारला इंजिनाची ताकद वाढवणारा टर्बो बसवायचा होता. इंजिनापाशी जागा नव्हती, म्हणून तो मागं, डिकीखाली लावायचं ठरलं. पण रोज ऑफिसला जायला माझ्याकडं तेवढी एकच गाडी, त्यामुळं खड्ड्यात टर्बो आपटून ती बंद पडेल म्हणून मी धास्तावलो होतो. सात रस्त्याजवळच्या मिस्त्रींनी टर्बोएवढा भोपळा आणला आणि तारेनं डिकीखाली बांधला.

“मिस्त्री, टेपनं माप घ्या की.”

“टेपला खड्डा कुटं कळतोय? आट दिवस फिरा. भोपळा वाचला तर टर्बो वाचंल.”

तीन भोपळे गतिरोधकांवर फुटले. ऑफिसात माझी चेष्टा सुरू झाली. मिस्त्री मात्र दर वेळी गाडीखाली निजून फुटलेल्या सालीवरून बोट फिरवत, ‘बिचारा’ म्हणत आणि पुढचा भोपळा बोटभर वर बांधत.

चौथ्या भोपळ्याच्या आठव्या दिवशी ते स्वतः आले. मागच्या चिंचोळ्या सीटवर पालथे पडून त्यांनी तळाला कान लावला. चौकात हवालदारानं आम्हाला अडवलं.

“मागं कोण पडलंय? जित्तं हाय का?”

“गप ऱ्हावा सायेब,” मिस्त्री डोकं न उचलता म्हणाले, “भोपळा ऐकतोय.”

हवालदारानं वाकून डिकीखाली बांधलेला भोपळा पाहिला, थोडा विचार केला आणि आमच्यासाठी बाकीची वाहनं थांबवून धरली. मी चौकातला गतिरोधक ओलांडला. खालून काहीच आवाज आला नाही.

“वाचला का वं?” हवालदार मागून ओरडला.

मिस्त्री उठून बसले. त्यांच्या गालावर मॅटची नक्षी उमटली होती आणि डोळे भरून आले होते. ते डोळे पुसेपर्यंत मीच खिडकीतून हात काढून ओरडलो, “वाचला!”